झोका बांधण्याआधी

बालमित्रांनो, आमच्या सिरसाळ्याकडं (ता. परळी) बऱ्याच घरांमागं मोकळं परस असतं. लिंबाचं झाड, जुना टायर आणि जाड नाडा मिळाला की झाला झोका! पण थांबा, आधी जमीन बघा.

उन्हाळ्यात काळी माती उलते. त्या भेगांत, सरपणाच्या ढिगात विंचू बसतो. चेंडू तिथं गेला तर हात घालायचा नाही, काठीनं काढायचा. झोक्याखाली फरशी नको, वीतभर वाळू टाका. टायरला खालून भोक पाडून घ्या, नाहीतर पावसाचं पाणी साचून डेंगीचे डास होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोअर! पाणी लागलं नाही की तो उघडाच राहतो, वर फार तर एखादं पोतं. २००६ साली हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा खेळता खेळता अशाच बोअरमध्ये सुमारे साठ फूट खाली गेला. जवानांनी शेजारच्या विहिरीतून आडवा बोगदा खणून दोन दिवसांनी त्याला जिवंत काढलं. सगळ्यांचं नशीब असं नसतं. सोडून दिलेला बोअर माती, वाळू, दगडगोट्यांनी तळापासून वरपर्यंत भरलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली बजावलं आहे.

असा बोअर दिसला तर डोकावायला जाऊ नका. घरी सांगा, गुरुजींना सांगा. मोठी माणसं ‘बघू’ म्हणाली तर उद्या पुन्हा विचारा. आणि हो, भरलेली माती पावसात खचते. तेव्हाही आठवण करून द्या.