शेजारच्या गाळ्यावर काय भाव?

मंडईत जाणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. पहिल्या गाळ्यावर मेथी दिसली म्हणून ती लगेच पिशवी उघडत नाही. एक चक्कर मारते, दोन ठिकाणी भाव विचारते, मग परत येते. आणि गाळेवालाही काही कमी नसतो! शेजाऱ्याने जुडी वीसला म्हटली की हा मान न वळवता ओरडतो, "ताई, पंधराला न्या!" इंटरनेटवरच्या जाहिरातीतही अगदी हेच चालतं. फक्त तिथे शेजारचा गाळा दिसत नाही.

आम्ही दिवाळीचा फराळ परदेशी पाठवतो. आम्ही म्हणजे सासूबाई, मी आणि मदतीला सहा जणी. चकली-अनारशांचं खातं सासूबाईंकडे, कॉम्प्युटर माझ्याकडे. वर्षाची निम्मी कमाई दसऱ्याच्या आगेमागे तीन-चार आठवड्यांत होते. लेक न्यू जर्सीला, आई कोथरूडला. ती गूगलवर 'दिवाळी फराळ यूएसए' असं टाइप करते आणि सगळ्यात वर 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलेल्या दोन-चार ओळी येतात. त्या ओळींत आपण असलो तर ऑर्डर, नसलो तर अनारशाचं पीठ घरातच.

ती जागा मिळते लिलावात. प्रत्येक वेळी कुणी काही शोधलं की क्षणार्धात लिलाव होतो. पण गंमत अशी, की ज्याची बोली मोठी त्याचीच जाहिरात वर, असं मुळीच नाही. तुमची जाहिरात शोधणाऱ्याच्या कामाची आहे का, लोक तिच्यावर क्लिक करतील का, क्लिक केल्यावर उघडणारं पान नीट आहे का, हेही गूगल मोजतं. पैसे द्यायचे ते क्लिक झाल्यावरच, आणि तेही साधारणपणे ती जागा टिकवायला लागतील तेवढेच. म्हणजे समजा, मी तीस रुपयांची बोली लावली, तरी क्लिक वीसलाही पडू शकतं. उलट पान गचाळ असेल, तर तीस देऊनही मी खालीच!

२०२३ साली अधिक श्रावण होता, दिवाळी उशिरा. पितृपक्ष संपत आला आणि माझ्या लक्षात आलं, की चक्क आमच्या नावाने शोध घेणारी गिऱ्हाइकं कमी झालीत. आमचं नाव तसं घरगुती, सासूबाईंच्याच नावावरून ठेवलेलं. ते नाव टाइप करणारी बाई म्हणजे मागच्या वर्षी ज्यांच्याकडून नेलं त्यांचंच घर शोधणारी. ती कुठे चालली?

इथे बहुतेक जणी पहिल्यांदा स्वतःच्या मोबाइलवर दिवसातून दहा वेळा शोधून बघतात. मैत्रिणींनो, हे करू नका. तुम्ही बघता पण क्लिक करत नाही, त्यामुळे जाहिरात दिसूनही कुणी दाबत नाही असा हिशेब मांडला जातो. गूगलच्या जाहिरात खात्यातच एक सोय आहे, तिथे गाव, देश, भाषा टाकून जाहिरात कशी दिसते ते कुणाचा हिशेब न बिघडवता पाहता येतं. आणि दुसऱ्याच्या जाहिरातीवर टिचक्या मारून त्याचे पैसे संपवायचे, हा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. असे क्लिक गूगल शोधून गाळतं, हे एक. आणि तो शेजारच्याच्या टोपलीत हात घालण्याचा प्रकार आहे, हे दुसरं.

मी उघडलं ते 'ऑक्शन इनसाइट्स'. ज्या लिलावात आपण होतो, त्यात आणखी कोण होतं, किती वेळा आपल्याबरोबर दिसलं, किती वेळा आपल्या वर बसलं, हे तिथे टक्क्यांत कळतं. त्यांची बोली कळत नाही, कीवर्डही कळत नाहीत. पुरेसे शोध झाले नसतील तर तक्ता रिकामाच येतो. आमच्या नावाच्या तक्त्यात दोन वेबसाइट नव्याने आल्या होत्या.

मग 'अ‍ॅड्स ट्रान्स्परन्सी सेंटर'. ही सोय मार्च २०२३ पासून सुरू झाली आणि तिला खातं लागत नाही, कुणीही बघावं. वेबसाइटचं नाव टाकलं की त्यांच्या जाहिराती, कोणत्या देशात दिसल्या, शेवटी कधी दिसल्या, सगळं समोर. पैसे घेऊन प्रतिस्पर्ध्याचे कीवर्ड सांगणारी साधनंही आहेत, पण ते अंदाज असतात. आमच्यासारख्या छोट्या धंद्यात मला त्यांचा उपयोग फारसा झाला नाही.

पहिली वेबसाइट एका बाईंचीच निघाली. जाहिरातीत आमचं नाव नव्हतं, साधा मजकूर होता. मी सरळ फोन केला. त्या गोंधळूनच गेल्या. "अहो, मी कशाला तुमचं नाव घालीन? भाचा बघतो ते सगळं!" आणि त्या खरं बोलत होत्या. 'ब्रॉड मॅच' ठेवलं की आपण दिलेल्या शब्दांशी मिळत्याजुळत्या शोधांनाही जाहिरात दिसते. त्यांनी 'घरगुती फराळ' घातलं होतं, आमचं नावही त्यात ओढलं गेलं. भाच्याने आमचं नाव 'निगेटिव्ह कीवर्ड' म्हणून टाकलं, मीही त्यांचं टाकलं. दोघींचे पैसे वाचले.

दुसरी कंपनी मात्र मोठी होती, आणि तिच्या जाहिरातीच्या मथळ्यात आमचं नाव, मागे 'ओरिजिनल' जोडून! फोनला दाद नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझं नाव, आणि चकली कुणाची तरी? खवट निघाली तर शिव्या मला!" धंदा बुडण्यापेक्षा त्यांना हेच लागलं होतं.

दुसऱ्याचं नाव कीवर्ड म्हणून घेणं चालतं का? अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स चालवणारी डीआरएस लॉजिस्टिक्स आणि गूगल यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं, की नुसतं कीवर्ड घेणं म्हणजे ट्रेडमार्कचं उल्लंघन नव्हे. पण गिऱ्हाइकाची फसगत होत असेल तर ते उल्लंघन, आणि तिथे गूगललाही हात झटकता येणार नाहीत. पुढे मेकमायट्रिपने बुकिंग डॉट कॉमविरुद्ध हाच मुद्दा लढवला. ही दोन नावं ओळखण्यात कुणाचा गोंधळ होणार नाही असं कोर्टाने म्हटलं, आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. मोठ्यांचं ठीक आहे हो. घरगुती फराळाच्या दोन नावांत गोंधळ व्हायला कितीसा वेळ लागतो?

गूगलकडे ट्रेडमार्कची तक्रार करता येते, पण ती जाहिरातीच्या मजकुराबद्दल. कीवर्डबद्दल ते लक्ष घालत नाहीत. आमच्याकडे तर तेव्हा नोंदणीच नव्हती. मग मी बोली वाढवली का? नाही. दोघांनी वाढवली की फायदा लिलाव करणाऱ्याचा. आमच्या नावाच्या शोधात आमचं पान जास्त कामाचं, म्हणून तो क्लिक आम्हाला स्वस्तच पडायला हवा. मी पानावर सासूबाईंचा फोटो टाकला, जाहिरातीत 'पुण्याहून, त्याच हातचं' असं लिहिलं, पार्सलची शेवटची तारीख मथळ्यात घातली. 'रेसिपी' हा शब्द निगेटिव्हमध्ये टाकला, कारण अनारसे करायला बसलेली बाई विकत कशाला घेईल? नवरात्रात वर बसणारे आम्हीच होतो, जवळजवळ रोज.

दिवाळीनंतर ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी साडेचार हजार, इतरांना नऊ. अर्जावर सही करताना सासूबाईंनी तीनदा विचारलं, "माझंच नाव, आणि ते माझं आहे म्हणून मीच पैसे भरायचे?"