एकच दिवाणखाना : चित्रपटही, संगीतही

चित्रपटासाठी पाच स्पीकर आणि एक सबवूफर ही ५.१ची रचना उत्तमच. मात्र त्याच संचावर पंडित भीमसेन जोशींचा खयाल लावला, की तानपुऱ्याचे नादवलय अनेकदा विरळ वाटते. रिसीव्हरच्या एकाच पेटीतील सर्व अ‍ॅम्प्लिफायर एका वीजपुरवठ्यावर चालतात, हे त्याचे एक कारण. म्हणून दोन स्वतंत्र संच घेणे हा निव्वळ अपव्यय होय. पुढचे दोन स्पीकर सामाईक ठेवून ते चांगल्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला जोडावेत आणि रिसीव्हरच्या 'प्री-आउट'मधील केबल त्याच्या 'होम थिएटर बायपास'मध्ये द्यावी. चित्रपटाच्या वेळी आवाजाचे नियंत्रण रिसीव्हरकडे राहते. गाण्याच्या वेळी रिसीव्हर बंदच ठेवता येतो. (वीज वाचते, हे व्यापारी घरात वेगळे सांगायला नको!)

एक सावधगिरी अत्यावश्यक. बायपासमध्ये अ‍ॅम्प्लिफायरचे आवाजाचे बटण निष्प्रभ असते. तेथे चुकून सीडी प्लेअर जोडला, तर पूर्ण आवाज एकदम उसळतो आणि महागडे ट्वीटर क्षणात जळू शकतात. ती जागा चिठ्ठी लावून राखून ठेवावी, मुलांनाही दाखवावी. जोडणीनंतर सर्व स्पीकरांच्या पातळ्या रिसीव्हरच्या मायक्रोफोनने पुन्हा मोजून घ्याव्यात. कारण नव्या अ‍ॅम्प्लिफायरने पुढच्या जोडीचा आवाज बदललेला असतो.