कोंबड्याचे डोके, सापाची शेपटी

ओडिशातल्या पुरीजवळ रघुराजपूर नावाचे चित्रकारांचे गाव आहे. तिथल्या पटचित्रांत एक प्राणी हमखास भेटतो. डोके कोंबड्याचे, मान मोराची, पाठीवर बैलाचे वशिंड, कंबर सिंहाची आणि शेपटीच्या जागी साप. पाय तीनच, तेही तीन तऱ्हांचे: एक हत्तीचा, एक वाघाचा, एक हरणाचा किंवा घोड्याचा. चौथ्या पायाच्या जागी माणसाचा उंचावलेला हात आणि त्यात कमळ, नाहीतर चक्र. नऊ जिवांच्या या मिश्रणाला नवगुंजर म्हणतात.

व्यासांच्या महाभारतात हा प्राणी नाही. पंधराव्या शतकात सारळा दासांनी ओडिया भाषेत रचलेल्या महाभारतात तो येतो. डोंगरावर तप करणाऱ्या अर्जुनापुढे तो अचानक उभा राहतो. अर्जुन धनुष्य उचलतो खरा, पण मग त्याची नजर त्या हाताकडे जाते. असे जनावर सृष्टीत असणे शक्य नाही, तेव्हा हे कृष्णाचेच रूप असणार, हे त्याच्या ध्यानात येते आणि तो शस्त्र खाली ठेवून नमस्कार करतो.

चित्रकाराला या कथेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे कुतूहल वाटेल. नवगुंजराचे नऊही अवयव वेगवेगळे ओळखू येतात, तरी तो नऊ तुकड्यांचा ढिगारा वाटत नाही. सापाच्या फण्यापासून कोंबड्याच्या तुऱ्यापर्यंत बाह्यरेषा एकाच लयीत वळत जाते. मोराची मान जिथे बैलाच्या वशिंडाला भिडते, तिथे डोळा अडखळत नाही. काल्पनिक प्राण्याच्या चित्राची खरी परीक्षा इथेच, म्हणजे सांध्यात असते. दोन प्राणी निवडायला वेळ लागत नाही. त्यांना एका अंगात नांदवायला मात्र कसब लागते.

असे जोडप्राणी आपल्याकडे काही कमी नाहीत. नरसिंह आणि गणपती तर देव्हाऱ्यातच आहेत. सिंहासारखे धड असलेला शरभ महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला आढळतो. कुठे तो एकटा, तर कुठे पंजांत हत्ती पकडलेला. मगर, मासा आणि हत्तीची सोंड यांचे मिश्रण असलेला मकर देवळांच्या शिल्पांत असतो. कर्नाटकाच्या राज्यचिन्हात दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हत्तीचे डोके व सिंहाचे धड असलेले शरभ आहेत. एकेका प्राण्याची ताकद उसनी घेऊन एक महाबली घडवायचा, हा त्यामागचा विचार.

असा प्राणी घडवायचा कसा, याचे रोखठोक उत्तर लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत देऊन ठेवले आहे. काल्पनिक प्राणी खरा वाटायला हवा असेल, तर त्याचा प्रत्येक अवयव कोणत्या ना कोणत्या खऱ्या प्राण्याचा हवा, असे त्याचे म्हणणे. ड्रॅगन काढायचा आहे? मग डोके शिकारी कुत्र्याचे घ्या, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, नाक ग्रेहाउंडचे, भुवया सिंहाच्या, कानशिले म्हाताऱ्या कोंबड्याची आणि मान पाणकासवाची.

चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारीने लिओनार्दोच्या तरुणपणची एक हकिगत सांगितली आहे. एका शेतकऱ्याने अंजिराच्या लाकडाची ढाल रंगवून घेण्यासाठी लिओनार्दोच्या वडिलांकडे दिली होती. लिओनार्दोने आपल्या खोलीत सरडे, रातकिडे, साप, फुलपाखरे, नाकतोडे, वटवाघळे असे काय काय गोळा केले आणि त्यांच्या अवयवांतून एक विषारी श्वास सोडणारा राक्षसी जीव रंगवला. मेलेल्या जनावरांची दुर्गंधी सुटली, पण कामाच्या नादात त्याला पत्ता नव्हता. चित्र पाहून वडील दचकून मागे सरले. मग त्यांनी शेतकऱ्याच्या हाती बाजारातून आणलेली, बाण घुसलेल्या हृदयाचे चित्र असलेली साधी ढाल दिली आणि मुलाची ढाल फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांना 100 डुकाटला गुपचूप विकून टाकली. पुढे व्यापाऱ्यांनी ती मिलानच्या ड्यूकला 300 डुकाटला विकली. ती ढाल आज उपलब्ध नाही.

उलट प्रकारही घडतो. 1799 मध्ये ब्रिटिश म्युझियममधला जॉर्ज शॉ ऑस्ट्रेलियातून आलेले प्लॅटिपसचे कातडे न्याहाळत होता. अंगावर दाट लव आणि तोंडाला बदकाची चोच! कुणा लबाडाने दोन प्राणी जोडून आपल्याला बनवले तर नाही ना, या शंकेने त्याने ते बारकाईने तपासले. जोड काही सापडला नाही. निसर्गाने सांधा इतका बेमालूम जुळवला होता की अखेर त्याला प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध करावे लागले.

मिश्र माध्यम, म्हणजे एकाच चित्रात जलरंग, शाई, खडू, छापील कागद, कापड असे निरनिराळे साहित्य वापरणे, या विषयाला चपखल बसते. एका प्राण्यात अनेक प्राणी आणि एका चित्रात अनेक माध्यमे. अडचणही तीच: वेगळ्या जातीच्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळवायच्या कशा?

याचे सर्वांत हुशार उत्तर बहुधा माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकाराने शोधले. त्याचा जन्म 1891 मधला. लहानपणी त्याचा लाडका काकाकुवा मेला, त्याच रात्री घरात बहीण जन्माला आली. पक्षी आणि माणूस यांची मनात तेव्हापासून सरमिसळ झाली, असे तो सांगत असे. पुढे त्याच्या चित्रांतून ‘लोपलोप’ नावाचा पक्षी वारंवार येत राहिला. 1925 मध्ये फ्रान्समधल्या पोर्निक या समुद्रकाठच्या गावी खानावळीतल्या झिजलेल्या लाकडी फरशीकडे त्याचे लक्ष गेले. त्याने फळ्यांवर कागद टाकला आणि वरून काळे शिसे घासले. लाकडाच्या रेषा कागदावर उमटल्या आणि त्यांत त्याला जंगले आणि जनावरे दिसू लागली. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासण्याचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत खेळलेला असतो; अर्न्स्टने त्याचे चित्रतंत्र केले. याला फ्रोताज म्हणतात. त्यातून 1926 मध्ये त्याचा ‘ईस्त्वार नातुरेल’ हा 34 चित्रांचा संच निघाला.

1934 च्या ‘युन सेमेन द बोंते’ या पुस्तकात तो आणखी पुढे गेला. एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र कादंबऱ्या आणि मासिकांतली कोरीव चित्रे कापून त्याने 182 कोलाज केले. कोट घातलेल्या गृहस्थाच्या खांद्यावर सिंहाचे डोके, बाईच्या पाठीला वटवाघळाचे पंख. यातली मेख अशी, की त्याने निवडलेली सगळी कात्रणे एकाच तऱ्हेच्या बारीक रेघांच्या छपाईची होती. शिवाय मूळ कोलाज पुस्तकात छापून आल्यावर कापलेल्या कडा दिसेनाशा झाल्या. वाचकाला कात्री चाललेली दिसत नाही, म्हणून सिंहमुखी माणूस खराखुरा वाटतो.

पिकासोने हीच युक्ती शिल्पात केली. 1951 च्या त्याच्या ‘बबून आणि पिल्लू’ या शिल्पातले माकडाचे तोंड म्हणजे त्याच्या मुलाच्या दोन खेळण्यातल्या मोटारी आहेत. एक सुलटी, दुसरी तिच्याखाली उलटी. पुढची काच डोळ्यांच्या जागी आली. पोट म्हणजे मोठे मडके आणि शेपटी मोटारीच्या स्प्रिंगची. हे सारे ब्राँझमध्ये ओतल्यावर मोटार, मडके, स्प्रिंग एकाच धातूचे झाले आणि माकड अखंड दिसू लागले.

मेक्सिको सिटीत पेद्रो लिनारेस या कागदी लगद्याच्या कारागिराने दुसरा रस्ता धरला. 1936 मध्ये आजारपणाच्या ग्लानीत त्याला पंख असलेली गाढवे, शिंगांचे कोंबडे असे प्राणी दिसले आणि बरा झाल्यावर त्याने ते करायला घेतले. तार आणि बोरूच्या सांगाड्यावर खळीत भिजवलेल्या कागदाचे थर आणि त्यांवर झगझगीत ठिपके, नागमोडी पट्टे, फुले. या प्राण्यांना आलेब्रिखे म्हणतात. इथे सांधा लपवायला नक्षीच पुरते. पट्ट्यांची एकच वेलबुट्टी नाकापासून शेपटीपर्यंत चढवली, की गाढव कुठे संपले आणि पंख कुठे सुरू झाला, हे कुणी विचारत नाही.

कागदावर हे प्रत्यक्ष करून पाहायचे तर ओळखीचेच प्राणी घेऊ: घोरपडीचे अंग, धनेशाची चोच आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू याची झुपकेदार शेपटी. कागद जाड हवा, शक्यतो 300 जीएसएमचा. साधा ड्रॉइंग पेपर पाणी आणि गोंद एकदम लागला की पोपडा धरतो आणि फुगतो. आधी तिन्ही प्राण्यांचे फोटो पाहून वेगवेगळी रेखाटने करावीत. मग मोठ्या कागदावर पेन्सिलीने पाठीचा कणा ओढावा: चोचीच्या मुळापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच वळण. अवयव नंतर. कणा तुटक असेल तर वरून कितीही रंग चढवा, प्राणी मोडलेलाच दिसतो.

घोरपडीच्या खडबडीत कातडीसाठी फ्रोताज उत्तम. गोणपाट किंवा जाळीवर पातळ कागद ठेवून मेणखडू घासायचा, मग त्यावर हिरवट तपकिरी जलरंगाचा हात फिरवायचा. मेण पाणी झटकते, त्यामुळे खवल्यांच्या रेषा कोरड्या राहतात आणि मधल्या जागा रंगतात. हा कागद घोरपडीच्या आकारात कापून चिकटवायचा. चोचीसाठी मासिकातला गुळगुळीत, पिवळ्या छटांचा कागद घ्यावा. धनेशाच्या चोचीची चकाकी रंगाने आणायला जी मेहनत पडते, ती कात्री दोन मिनिटांत वाचवते. शेपटीला कोरड्या ब्रशचे फटकारे आणि वरून ऑईल पेस्टलचे केस.

कामाचा क्रम मात्र चुकवून चालत नाही. आधी जलरंग, तो पुरता वाळल्यावर चिकटकाम, मग शाईची रेषा आणि ऑईल पेस्टल सर्वांत शेवटी. तेलकट थरावर पाण्याचा रंग बसत नाही, तो थेंब होऊन घरंगळतो. मेणखडूवर जलरंग टाकतो तेव्हा हाच दोष मुद्दाम कामाला लावलेला असतो. गोंद थोड्या पाण्यात पातळ करून कडेपर्यंत लावावा, नाहीतर आठवड्याभरात कोपरे उभे राहतात. चिकटवलेले काम प्लास्टिकच्या कागदाखाली झाकून रात्रभर जाड पुस्तकांच्या वजनाखाली ठेवले की कागद वाकत नाही. ऑईल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही, म्हणून चौकट करताना काच चित्राला टेकता कामा नये.

आता सांधे. चोच जिथे घोरपडीच्या गालाला भिडते, तिथे कात्रणाची कडा सरळ दिसली तर मुखवटा घातल्यासारखे वाटते. त्या कडेवर खवले लहान लहान करत न्यावेत, चार-दोन खवले चोचीवरही चढवावेत आणि चोचीचा पिवळा रंग थोडासा गालावर ओढावा. शेपटीच्या मुळाशी याच्या उलट करायचे: केस विरळ करत खवल्यांत सोडायचे. शिवाय तीन गोष्टी सगळ्या प्राण्याला सारख्या द्यायच्या. एकाच बाजूचा उजेड, एकाच जाडीची शाईची रेषा आणि ऑईल पेस्टल लावण्याआधी सावलीच्या भागावर एकाच पातळ तपकिरी रंगाचा हात. पिकासोच्या शिल्पात जे ब्राँझने केले, ते इथे हा रंग करतो. पायांखाली जमिनीवर सावली पडली, की तरंगणारी घोरपड खाली उतरून उभी राहते.

या साऱ्यात गंमत हरवता कामा नये. बंगालीत सुकुमार राय यांनी हंस आणि साळिंदर, हत्ती आणि देवमासा, बगळा आणि कासव अशा जोड्या जमवून स्वतःच त्यांची चित्रे काढली. 10 सप्टेंबर 1923 रोजी त्यांचे निधन झाले आणि ज्यात हे प्राणी आहेत ते ‘आबोल ताबोल’ त्यानंतर काही दिवसांतच प्रसिद्ध झाले. साध्या काळ्या रेषांतले त्यांचे प्राणी गंभीर चेहऱ्याने उभे असतात, म्हणूनच ते पाहून हसू फुटते.

एकट्याने कागदापुढे बसून काहीच सुचत नसेल, तर पॅरिसच्या अतिवास्तववादी मंडळींनी 1925 च्या सुमारास सुरू केलेला खेळ घरी खेळता येईल. उभ्या कागदाचे तीन भाग करा. पहिल्याने डोके काढून कागद दुमडायचा, दुसऱ्याने न पाहता धड, तिसऱ्याने पाय आणि शेपटी. एकाने शाई, दुसऱ्याने खडू, तिसऱ्याने कात्रणे घेतली तर मिश्र माध्यमही आपसूक साधते. फक्त कागद दुमडण्यापूर्वी मानेच्या रेषांची टोके घडीच्या पलीकडे थोडीशी ओढून ठेवा. पुढच्याला सांधा तिथूनच जोडायचा असतो.