केमो संपली, मग हा थकवा कुठला?

शेवटची केमो होऊन वर्ष उलटलेले असते. स्कॅन स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट ठीक, केसही परत आलेले. ‘सुटलीस बाई एकदाची’ म्हणून नातेवाईक निर्धास्त झालेले असतात. ती मात्र सकाळी उठते तीच दमलेली. भाजी चिरता चिरता बसावेसे वाटते, दुपारी वर्तमानपत्र हातात घेतले की डोळे मिटतात, ओळखीची नावे ऐनवेळी आठवत नाहीत. फॉलोअपला हे सांगितले, तर बहुतेकदा ऐकायला मिळते की एवढे मोठे उपचार झाले, थोडा वेळ लागणारच.

हे उत्तर खोटे नाही. कर्करोगामुळे आणि त्याच्या उपचारांमुळे येणारा थकवा हा खराखुरा त्रास आहे. उपचार चालू असताना तो बहुतेकांना होतो आणि काहींची पाठ तो पुढे कित्येक महिने, वर्षेही सोडत नाही. घोटाळा नेमका इथेच होतो. ज्या थकव्याचे कारण सगळ्यांनी आधीच ठरवून टाकले आहे, त्याचे दुसरे कारण शोधायला कोणी जात नाही. हिमोग्लोबिन पाहिले जाते, सुजाण डॉक्टर थायरॉइड तपासून घेतात, मन खचले आहे का तेही विचारतात. रात्री काय घडते, हे विचारायचे मात्र राहून जाते. आणि कित्येकांच्या थकव्याचे मूळ तिथेच असू शकते.

झोप लागली की शरीराचे सगळे स्नायू सैलावतात, घशाचेही. ज्यांचा घसा मुळात अरुंद असतो किंवा काही कारणाने झालेला असतो, त्यांची श्वासाची वाट अशा वेळी मिटते. कागदी नळीने जोरात सरबत ओढताना ती आतल्या आत चिकटते, तसेच काहीसे. छाती श्वास घ्यायला धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू सावध होतो, माणसाला क्षणभर जागे करतो. एक मोठा घुरका येऊन श्वास सुरू होतो आणि पुन्हा डोळा लागतो. या जागेपणाची आठवण सकाळी राहत नाही. असा अडथळा निदान १० सेकंद टिकला तर तो मोजला जातो. तासाला ५ पर्यंत अडथळे चालून जातात. १५ च्या पुढे आजार मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र मानतात. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. माणूस आठ तास अंथरुणात होता आणि तरी त्याला सलग, गाढ झोप मिळालीच नाही. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

याचा कर्करोगाशी संबंध कसा येतो, ते स्तनाच्या कर्करोगात नीट दिसते. पाळी जाईपर्यंत स्त्रियांना संप्रेरकांचे थोडे संरक्षण असते. पाळी गेल्यावर अ‍ॅप्नियाचा धोका वाढतो. केमोमुळे किंवा अंडाशयांचे काम थांबवणाऱ्या औषधांमुळे चाळिशीतल्या बाईची पाळी एकाएकी बंद होते. त्यात उपचारांच्या काळात वजन वाढते, स्टिरॉइडचाही त्यात हातभार असतो. शिवाय स्त्रियांचा अ‍ॅप्निया पुष्कळदा धडधडीत घोरण्यातून समोर येत नाही. तुटक झोप, सकाळी जड डोके, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणे आणि थकवा, एवढेच ती सांगते. यातले प्रत्येक लक्षण केमोच्या किंवा वयाच्या नावावर खपून जाते.

तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाची गोष्ट मला अधिक काळजीची वाटते, कारण तंबाखू, गुटखा आणि मिश्रीने हा आजार आपल्या गावोगाव पोचवला आहे. शस्त्रक्रियेने जबड्याची, जिभेची ठेवण बदलते. मानेला दिलेल्या रेडिएशनने स्वरयंत्राभोवती सूज राहते, पुढे ऊती कडक होतात आणि श्वासाची वाट अरुंद होते. मानेच्या रेडिएशननंतर थायरॉइडही अनेकदा मंदावते. त्याने थकवा येतोच, अ‍ॅप्नियातही भर पडू शकते. आता हा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. जेवण जात नाही म्हणून वाळलेला, गाल बसलेले. अ‍ॅप्निया म्हटले की आपल्याला जाड मानेचा, पोट सुटलेला, घोरणारा पुरुष आठवतो. टोरांटोच्या फ्रान्सिस चुंग यांनी २००८ मध्ये मांडलेली ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची यादी उपयोगी आहे आणि जगभर वापरली जाते. पण तिच्यात वजनाला आणि मानेच्या घेराला गुण आहेत. रेडिएशन झालेल्या वाळक्या माणसाला तिच्यात कमी गुण पडले, म्हणून त्याला निर्धास्तपणे घरी पाठवता येत नाही.

ज्यांना दुखण्यासाठी मॉर्फिनच्या जातीची औषधे चालू आहेत, त्यांच्यात आणखी एक प्रकार दिसतो. घसा उघडा असतो, पण श्वास घेण्याचा मेंदूकडून येणारा हुकूमच थबकतो. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद करायचे नाही, डॉक्टरांना सांगायचे. झोपेच्या गोळीचेही तेच. झोप मोडते म्हणून घेतलेल्या काही गोळ्या श्वासाचा अडथळा वाढवतात.

या आजाराचा खरा साक्षीदार त्याच खोलीत झोपलेला असतो. ‘घोरता घोरता एकदम शांत होतात, मला वाटतं श्वासच थांबला’ हे वाक्य कितीतरी बायका घरात बोलतात; दवाखान्यात ते कोणी विचारत नाही, म्हणून त्या सांगत नाहीत. ते सांगायलाच हवे. मोबाइलवर रात्रीचा आवाज टिपून नेला तरी चालेल. दिवसा बसल्या बसल्या, गाडीत, टीव्हीपुढे डोळा लागत असेल तर तेही वेगळे सांगावे. अंगात त्राण नसणे आणि झोप अनावर होणे यांत फरक आहे, आणि दुसऱ्या तक्रारीने संशय बळावतो. मात्र ती नसली म्हणून अ‍ॅप्निया नाही, असे होत नाही.

पुढे स्लीप स्टडी. रात्रभर श्वास, प्राणवायू, छातीची हालचाल आणि मेंदूच्या लहरी नोंदवल्या जातात; साध्या स्वरूपात ही चाचणी घरीही होते. छातीचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर ती सुचवू शकतात. निदान झाले तर मुख्य उपाय सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलेले हे तंत्र मास्कमधून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवते. त्याने सगळाच थकवा जाईल असे नाही, कारण थकव्याला एकापेक्षा जास्त कारणे असू शकतात. पण चालणे-फिरणे हा कर्करोगानंतरच्या थकव्यावरचा चांगला सिद्ध झालेला उपाय आहे, आणि रात्र तुकड्या-तुकड्यांत गेलेल्या माणसाला ‘रोज अर्धा तास चाला’ सांगणे निर्दयपणाचे आहे.

यंत्र स्वस्त नाही आणि पहिले काही दिवस जडही जातात. जबड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना नेहमीचा मास्क नीट बसत नाही, तेव्हा दोन-तीन प्रकार लावून पाहावे लागतात. रेडिएशनने लाळ आटलेल्यांचे तोंड रात्री आणखी कोरडे पडते, त्यांनी हवेत ओलावा देणारी सोय असलेलेच यंत्र मागावे. ही तक्रार घेऊन परत गेले, की दाब आणि मास्क बदलून मिळतो. पुष्कळ लोक आठवडाभरात यंत्र कपाटात ठेवतात, ते परत न गेल्यामुळे.