छायाचित्रात डावीकडून... कोण?

पेपरात इंटर्नशिपला लागलं की पहिल्याच दिवशी बायलाइन मिळत नाही. मिळतात त्या फोटोओळी. 'छायाचित्रात डावीकडून' असं लिहायचं आणि पुढे नावं टाकायची. किती सोपं, नाही का? मलाही तसंच वाटलं होतं. कुठल्याशा बक्षीस समारंभाच्या फोटोखाली मी पाहुण्यांचं नाव पदासकट लिहिलं आणि बक्षीस घेणाऱ्या चार मुलींना 'विजेता संघ' करून मोकळं झालो. कॉपी परत आली. डेस्कवरच्या सरांनी एवढंच विचारलं, "या मुलींना नावं नाहीत का रे?"

तो प्रश्न अजून डोक्यातून गेलेला नाही. म्हणूनच आज तुम्हाला एका जुन्या फोटोची गोष्ट सांगायची आहे.

फोटो आहे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. भिंतीला लागून उंचच उंच काळी कपाटं, त्यावर शेकडो बटणं, खाली लोंबणाऱ्या जाडजूड केबल्स. हा 'एनिअ‍ॅक'. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी तो उभा केला. वजन सुमारे ३० टन, आत जवळपास १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब, वेग सेकंदाला ५ हजार बेरजा. तुमच्या खिशातल्या मोबाइलपुढे हे काहीच नाही, पण १९४६ साली यापेक्षा वेगवान गणित करणारं यंत्र जगात नव्हतं.

फोटोत यंत्रापाशी दोन तरुणी उभ्या आहेत. त्या कोण?

कम्प्युटर म्हणजे माणूस!

त्याआधी एक गंमत ऐका. तेव्हा 'कम्प्युटर' हे यंत्राचं नाव नव्हतं, नोकरीचं होतं. दुसरं महायुद्ध चालू होतं. तोफेचं तोंड किती अंशात ठेवलं तर गोळा कुठे पडेल, याची कोष्टकं अमेरिकी लष्कराला हवी होती. मुलगे युद्धावर गेलेले. मग गणितात पदवी घेतलेल्या मुलींना बोलावलं गेलं. गोळ्याच्या एका मार्गाचं गणित टेबलावरच्या यंत्रावर करायला ३० ते ४० तास लागायचे. हे करणाऱ्या मुली म्हणजे 'कम्प्युटर'. पदवी असूनही सरकारी दफ्तरात त्यांचा दर्जा व्यावसायिकांच्या खालचा.

एनिअ‍ॅक बांधला गेला तो हेच काम झटपट करायला. पण नुसतं यंत्र बांधून भागतं का? त्याला काम सांगायचं कोणी? त्यासाठी १९४५ मध्ये सहा जणी निवडल्या गेल्या. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन.

आता तुम्ही त्यांच्या जागी आहात असं समजा. कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही, पायथन-जावा सोडाच, प्रोग्रॅमिंगची कुठलीच भाषा नाही. शिकवायला मास्तर नाही आणि यूट्यूब तर नाहीच नाही. त्यात प्रकल्प गुप्त, त्यामुळे सुरुवातीला यंत्राच्या खोलीत पाऊल टाकायचीही परवानगी नव्हती. हातात दिले ते यंत्राचे आराखडे. ते वाचून, इंजिनीअरना प्रश्न विचारून या सहा जणी यंत्र शिकल्या. मोठ्या गणिताचे बारीक तुकडे करायचे, कुठला तुकडा कुठल्या कपाटाने कधी सोडवायचा ते कागदावर मांडायचं, मग त्याप्रमाणे केबल्स जोडायच्या आणि बटणं लावायची. आज आपण ज्याला कोडिंग म्हणतो ते त्या अक्षरशः उभ्याने, हातांनी करत होत्या.

ती एक रात्र

१५ फेब्रुवारी १९४६. बड्या पाहुण्यांसमोर एनिअ‍ॅकचं प्रात्यक्षिक व्हायचं होतं. तोफगोळ्याचा मार्ग काढून दाखवायचा प्रोग्रॅम बेटी स्नायडर आणि बेटी जेनिंग्ज यांच्याकडे. आदल्या रात्री सगळं बरोबर, फक्त एक घोळ. गोळा जमिनीवर आदळला की गणित थांबायला हवं. ते थांबेचना! यंत्राच्या हिशेबाने गोळा जमिनीत घुसून पुढे चाललेलाच. रात्र झाली, दोघी थकून घरी गेल्या. झोपेतच स्नायडरच्या डोक्यात उजेड पडला. सकाळी ती लवकर आली, हजारो बटणांतलं नेमकं एक बटण फिरवलं आणि गोळा जमिनीवर थांबला. सबमिशनच्या आदल्या रात्री डिबगिंग करत बसलेल्या प्रत्येकाला हे पटेल.

प्रात्यक्षिक जोरात झालं. ज्या गोळ्याला खाली पडायला ३० सेकंद लागतात, त्याचं गणित २० सेकंदांत तयार! पेपरांनी पहिल्या पानावर बातमी घेतली. मॉकली, एकर्ट, लष्करी अधिकारी, सगळ्यांचं कौतुक झालं. रात्री मोठी मेजवानी झाली. त्या सहा जणींना आमंत्रण नव्हतं. लष्कराच्या भरतीच्या एका जाहिरातीत तर एनिअ‍ॅकचा फोटो छापताना बायका कापूनच टाकल्या.

हे मुद्दाम कट करून झालं असं मला वाटत नाही, आणि तेच जास्त खटकतं. यंत्र बांधणं म्हणजे डोक्याचं काम आणि त्यावर प्रोग्रॅम लावणं म्हणजे कारकुनी, टेलिफोन ऑपरेटरसारखं, असं तेव्हा सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. त्यामुळे नावं विचारावीत असं कोणाला सुचलंच नाही. अगदी मला सुचलं नाही तसं.

कोर्टातही तेच

श्रेय हुकलं ते फक्त बायकांचंच असंही नाही. एनिअ‍ॅकचं पेटंट पुढे कोर्टात गेलं. आयोवाचे प्राध्यापक जॉन अटानासॉफ यांनी क्लिफर्ड बेरी या विद्यार्थ्याला हाताशी धरून १९४२ पर्यंत एक इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बनवलं होतं आणि १९४१ मध्ये मॉकली ते पाहून आले होते. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यायाधीशांनी ते पेटंट रद्द केलं. दुसऱ्याच दिवशी वॉटरगेट प्रकरणात मोठा भूकंप झाला आणि ही बातमी मागे पडली. अटानासॉफ हे नाव तुम्ही याआधी ऐकलं होतं का?

एका विद्यार्थिनीचा प्रश्न

१९८० च्या दशकात कॅथी क्लायमन ही हार्वर्डमधली विद्यार्थिनी जुने फोटो चाळत होती. पुरुषांची नावं खाली होती, बायकांची नव्हती. तिने जाणकारांकडे चौकशी केली. उत्तर मिळालं, या मॉडेल आहेत, फ्रिजच्या जाहिरातीत दार उघडून उभ्या असतात ना, तशा. तिला ते पटलं नाही. तिने शोध घेतला, त्या बायकांना गाठलं, त्यांच्या मुलाखती घेतल्या. लग्नानंतर नावंही बदललेली. बेटी स्नायडरची झाली होती बेटी होल्बर्टन. तुमच्या कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं असतात ना? ती कल्पना युनिव्हॅक या पुढच्या कम्प्युटरवर तिनेच आणली. बेटी जेनिंग्जची झाली होती जीन बार्टिक. १९४८ मध्ये एनिअ‍ॅकला प्रत्येक वेळी केबल्स न बदलता चालवण्याची सोय करणाऱ्या गटाची ती प्रमुख होती.

१९९७ मध्ये सहाही जणींचा 'विमेन इन टेक्नॉलॉजी'च्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. एनिअ‍ॅकनंतर ५१ वर्षांनी. तोवर रूथ या जगात नव्हती.

आता तुमच्याकडे वळतो. ग्रुप प्रोजेक्टचं पीपीटी सादर करणारा एक असतो आणि रात्री जागून डेटा भरणारी दुसरीच. फेस्टिव्हलच्या पोस्टरवर कोअर टीम असते, खुर्च्या मांडणारे नसतात. शेवटच्या स्लाइडवर 'थँक यू' लिहायला जागा असते. तिथेच आणखी चार नावं मावतात.

माझ्यापुरतं म्हणाल तर माझी एक फोटोओळ राहिली होती. ती आज लिहून टाकतो.

छायाचित्रात एनिअ‍ॅकच्या मुख्य पॅनलवर काम करताना डावीकडे बेटी जेनिंग्ज, उजवीकडे फ्रॅन बिलास.