दुर्बिणीची निवड : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

आकाशदर्शनाचा छंद जडलेला गृहस्थ पहिली चांगली दुर्बीण घ्यावयास निघाला, म्हणजे त्याच्यापुढे बहुधा दोन पर्याय येतात : एक पाच इंची माक्सुतोव्ह, जिची नळी हातभरही लांब नाही व वजन तीन-चार किलोंपलीकडे जात नाही, आणि दुसरी आठ इंची आरशाची डॉब्सोनियन, जी उभी केली असता माणसाच्या छातीला लागते व बैठकीसह वीस किलोंच्या आसपास भरते. या दोहोंविषयी जे सल्ले त्याच्या कानी पडतात, त्यांतील पुष्कळसे अर्धवट माहितीवर उभारलेले असतात, आणि परिणामी पैसा खर्च होऊनही दुर्बीण माळ्यावर जाऊन पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांत जुना व सर्वांत नुकसानकारक समज असा की, जी दुर्बीण अधिक पटींनी मोठे करून दाखवते तीच अधिक चांगली. वर्धन हा दुर्बिणीचा अंगभूत गुण नव्हेच. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की वर्धन निघते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली तर ४८ पट, १० मिलिमीटरची लावली तर १२० पट. अर्थात नेत्रिका बदलून हा आकडा हवा तितका वाढवता येतो. परंतु व्यासाच्या दर मिलिमीटरमागे सुमारे दोन पट ही मर्यादा ओलांडली की प्रतिमा नुसती फुगते, अंधुक होते, आणि नवा तपशील काडीइतकाही हाती लागत नाही. ६० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५०० पट’ असे ठळक छापलेले असते, तेव्हा १२०च्या पुढचा सारा आकडा व्यर्थ आहे, हे गिऱ्हाइकाला सांगणारा कोणी नसतो. दुर्बिणीची खरी मातब्बरी व्यासात आहे. प्रकाश गोळा करण्याची शक्ती व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे आठ इंची आरसा पाच इंचीच्या सुमारे अडीचपट प्रकाश घेतो; आणि अगदी लगत असलेले दोन तारे अलग दाखवण्याची क्षमताही व्यासाबरोबर सुधारते, पाच इंचीची मर्यादा सुमारे ०.९ विकला तर आठ इंचीची ०.६ विकलेच्या आसपास.

नळी जितकी लांब तितकी दुर्बीण बलवान, हा समज तर न्यूटनने १६६८ सालीच निकालात काढला होता. त्याने स्वहस्ते घडवलेल्या आरशाच्या दुर्बिणीची लांबी अवघी सहा इंच होती, आणि तीतून गुरूचे चंद्र दिसत. १९४१ साली द्मित्री माक्सुतोव्हने वाटीसारखे वक्र भिंग व आरसा यांची जी जोडणी योजिली, तिच्यात प्रकाश नळीतल्या नळीत मागेपुढे दुमडला जातो, आणि हातभर नळीत दीड मीटरचे नाभीय अंतर मावते. या सोयीचा मोबदला मात्र द्यावा लागतो, व तो दुकानात कोणी सांगत नाही. नाभीय अंतर मोठे, म्हणून दृश्यक्षेत्र अरुंद. पाच इंची माक्सुतोव्हमध्ये एका वेळी जेमतेम एक अंश आकाश दिसते, आणि सुमारे दोन अंशांवर पसरलेला कृत्तिकांचा गुच्छ तीत मावतच नाही. तेव्हा लहान दुर्बीण म्हणजे विस्तृत दृश्य, ही समजूतही सोडून द्यावी. शिवाय आटोपशीरपणा आणि मोठा व्यास यांचे वैरही नाही : श्मिट-कॅसेग्रेन जातीची आठ इंची दुर्बीण दीड फुटाच्या नळीत बसते; फक्त तिची किंमत तेवढ्याच आरशाच्या डॉब्सोनियनच्या कितीतरी पुढे जाते.

‘शहरात मोठ्या व्यासाचा उपयोग नाही, तो रस्त्यावरचा उजेडच अधिक गोळा करतो’, हे विधान अर्धसत्य असल्यामुळे अधिक दिशाभूल करते. चंद्र, ग्रह व जोडतारे यांना शहरी उजेडाची बाधा नाममात्र. तारकागुच्छांच्या बाबतीत तर मोठा आरसा शहरातही आपले काम चोख बजावतो, कारण वर्धन वाढवले म्हणजे आकाशाचा उजेड पसरून फिका होतो, परंतु तारा बिंदूच राहतो. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेकडे, क्षितिजापासून चोवीस-पंचवीस अंशांवर येणारा नरतुरंगातील ओमेगा हा गुच्छ पाहावा : पाच इंचीत तो एक तेजस्वी धूसर गोळा असून त्याच्या कडेला कण जाणवू लागतात, आणि आठ इंचीत ते कण पार मध्यभागापर्यंत सुटे होत जातात. दीर्घिका व पसरट तेजोमेघ यांची कैफियत मात्र निराळी. त्यांचा प्रकाश मुळातच पसरलेला, आकाशाच्या उजेडात तो बुडाला की कोणताही आरसा त्याला वर काढू शकत नाही. देवयानी दीर्घिका पुण्यातल्या गच्चीवरून आठ इंचीतही गाभ्याचा धुरकट ठिपकाच राहते, आणि सह्याद्रीच्या आडरानात पाच इंचीतून तिचा विस्तार नजरेला पुरून उरतो. म्हणून जो शहरात राहतो आणि एस.टी.ने काळोखाच्या गावी जातो, त्याच्या पदरी लहान दुर्बीण अधिक दीर्घिका पाडते, व्यास कमी असूनही.

मोठा आरसा हवेच्या अस्थिरतेने अधिक गढूळ होतो, असेही सांगितले जाते. यात तथ्य आहे. पण हवेच्या माथी जे खापर फुटते, त्यातील बराच दोष आरशाच्या अंगच्या उष्णतेचा असतो. खोलीतून नुकत्याच आणलेल्या दुर्बिणीत एखादा तेजस्वी तारा घेऊन त्याचे केंद्रीकरण मुद्दाम बिघडवावे. ताऱ्याची जी वर्तुळाकार तबकडी दिसते, तिच्यातून उष्ण हवेच्या लाटा संथपणे वर चढताना स्पष्ट दिसतात, आणि तासाभराने, आरसा निवाल्यावर, त्याच तबकडीत त्या जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात. माक्सुतोव्हची नळी बंद व तिचे भिंग जाड, त्यामुळे लहान असूनही तिलाही हा विसावा द्यावाच लागतो. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो. शनीचे कडे संध्याकाळी थरथरते, ते पहाटे स्वच्छ दिसते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच.

तरीही जितका मोठा आरसा तितके अधिक दर्शन, हा हिशेब सरळ मांडता येत नाही. विल्यम हर्शेलने १७८१ साली युरेनस शोधला तो ६.२ इंची आरशाने. पुढे तिसऱ्या जॉर्ज राजाने दिलेल्या ४००० पौंडांतून त्याने चाळीस फुटी नळीची, ४८ इंची आरशाची दुर्बीण १७८९ साली उभारली. परंतु तिचा धातूचा आरसा लवकर काळवंडे, ती फिरवावयास माणसे लागत, आणि तेजोमेघांच्या शोधाचे काम तो आपल्या वीस फुटी, सुमारे १९ इंची दुर्बिणीनेच करीत राहिला. त्याची बहीण कॅरोलाइन हिने १७८६ साली पहिला धूमकेतू टिपला तो ४.२ इंच व्यासाच्या छोट्या दुर्बिणीने, कारण तिला आकाशाचा मोठा पट्टा झपाट्याने झाडून काढावयाचा होता. आज आठ इंची आरसा सामान्य गृहस्थाच्या आटोक्यात आला, याचे श्रेय मुख्यतः जॉन डॉब्सन यांच्या साध्या लाकडी बैठकीला. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात वर्षानुवर्षे संन्यासी राहिलेल्या या माणसाने दुर्बिणी पदपथावर मांडून वाटसरूंना चंद्र दाखवला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माझे मत विचाराल तर, ज्याच्या दारात अंगण आहे व ज्याच्या गावी रात्र अजून काळी आहे, त्याने आठ इंची डॉब्सोनियनच घ्यावी. जो तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टच्या इमारतीत राहतो, त्याने पाच इंची घेण्यात कमीपणा मानू नये. कोकणपट्टीत राहणाऱ्याने, दुर्बीण कोणतीही असो, पावसाळ्याचे चार महिने ती कोरड्या ठिकाणी सिलिका जेलसह ठेवावी, कारण दमटपणाने भिंगावर बुरशी धरली की ती काचेवरील लेप खाते. खरेदीपूर्वी एखाद्या खगोलप्रेमी मंडळाच्या आकाशदर्शनाला जावे; पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हे कार्य करीत आली आहे. तेथे लहान व मोठ्या अशा दोन्ही दुर्बिणींतून एकच गुच्छ, एकच ग्रह लागोपाठ पाहावा, आणि परवानगी घेऊन मोठीची बैठक व नळी स्वतः उचलून थोडे अंतर चालून पाहावे.