घरात असूनही ‘घरी नाहीत’

व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या उच्चभ्रू वस्तीत ओळख वाढवायची, तर आधी कार्ड पोचवावे लागे. घोडागाडी दारात थांबे. बाई आतच बसून राहत. नोकर उतरून मालकीणबाई आहेत का, विचारी. ‘घरी नाहीत’ म्हणजे त्या बाहेर गेल्या आहेत असे नव्हे. आज भेटायचे नाही, एवढेच. यात कोणी खोटेपणा पाहत नसे, अपमानही मानत नसे. कार्ड देऊन गाडी पुढे निघे.

विवाहित स्त्री स्वतःचे एक आणि नवऱ्याची दोन कार्डे ठेवी. तिचे एक घरच्या बाईसाठी. नवऱ्याची त्या घरच्या पतिपत्नींसाठी. परपुरुषाच्या नावे स्त्रीने कार्ड ठेवणे शिष्टसंमत नव्हते. कोपरा दुमडलेला असला, तर बाई स्वतः येऊन गेल्या असे समजायचे. दुखवट्यात कार्डाला काळी किनार. आणि लग्नातल्या आहेरासारखी परतफेडही ठरलेली: कार्डाला कार्ड, भेटीला भेट.

प्रत्यक्ष भेट दुपारची आणि थोडक्यात उरकायची. इझाबेला बीटन यांच्या १८६१ सालच्या गृहव्यवस्थेवरील गाजलेल्या पुस्तकात औपचारिक भेटीला १५ ते २० मिनिटे पुरेशी मानली आहेत. पाहुणीने गळ्याभोवतीची फर काढली तर चालेल, पण शाल आणि बॉनेट अंगावरच ठेवायचे. ती फार वेळ बसणार नाही, हे त्यावरूनच कळे.

हा नुसता डामडौल नव्हता. कारखाने आणि रेल्वेमुळे हाती पैसा आलेली नवी घराणी जुन्या प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात शिरू पाहत होती, आणि शिष्टाचाराची पुस्तके त्यांच्यासाठीच खपत होती. पण नियम पाठ करूनही प्रवेशाची खात्री नसे. कार्डाला उत्तरच आले नाही, की काय समजायचे ते समजावे. तक्रार कुणाकडे करणार? या सभ्यतेतली निष्ठुरता इथे होती.

इंग्लंडातल्या गावांत नव्या बिऱ्हाडाकडे जुने रहिवासी आधी जात. इंग्रजांनी हिंदुस्थानात हा क्रम उलटा केला. नव्याने बदलून आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यानेच बंगलोबंगली फिरायचे, तेही भर दुपारच्या उन्हात. फाटकावर ‘नॉट अॅट होम’ लिहिलेली पेटी असे. तिच्यात कार्ड टाकले की भेट झाली. पुढे जेवणाचे आमंत्रण येई. टेबलावर कोणी कुठे बसायचे, हे सरकारी मानक्रमाच्या यादीवरून ठरे, आणि बायकांची जागा त्यांच्या नवऱ्याच्या हुद्द्यावरून.